चांदीच्या गावात, चांदी सोडून

जर्मनीत सॅक्सनी प्रांतातल्या फ्रायबर्ग गावाची कुळकथा मिठाच्या गाडीवानांपासून सुरू होते. हाले गावाकडून बोहेमियाकडे, म्हणजे आजच्या चेक मुलुखाकडे, मीठ घेऊन निघालेल्या गाड्या जंगलातून चालल्या होत्या. चाकोरीत कुणाला तरी चकाकणारा दगड दिसला. त्यांनी तो हार्ट्सच्या डोंगरातल्या गोस्लारला नेऊन दाखवला, कारण धातूंची पारख तिथल्या लोकांना होती. दगडात चांदी निघाली आणि तीही गोस्लारच्या दगडापेक्षा जास्त. साल ११६८. गाडीवानांची गोष्ट दंतकथाच म्हणायची, पण मला ती फार आवडते. त्यात चांदीच्या शोधात कुणीच निघालेलं नाही. बिचारे मीठ विकायला चालले होते.

पुढचं मात्र दंतकथा नाही. मुलुखाचा धनी मार्गराव्ह ओटो यानं मुभा दिली, की ज्याला धातू शोधायचाय त्यानं हक्कानं खणावं. त्यातला वाटा अर्थात सरकारचा. लोक लोटले, रानात गाव वसलं आणि ओटोला ‘श्रीमंत’ म्हणायला लागले. आपल्या पेशव्यांसारखं मानानं नव्हे, खरोखरच गडगंज म्हणून. मधल्या चौकात कारंज्यावर तो अजून उभा आहे.

माझा भाचा इथल्या बेर्गआकाडेमीत, म्हणजे खाणविद्येच्या विद्यापीठात शिकतो, म्हणून शनिवार-रविवार जोडून मी ड्रेस्डेनहून गेले. निघण्याआधी आईचा फोन. “चांदीच्या गावाला चाललीयेस, तर बाळाच्या उष्टावणाला एखादी वाटी-चमचा बघ. तिथं स्वस्त असेल.” हा हिशोब चुकतोय, हे आईला सांगून पटणारं नव्हतं. गावातली शेवटची खाण १९६९ मध्ये बंद झाली, तेव्हा आईचंच लग्न व्हायचं होतं.

दुकानांत लाकडी बाहुल्यांची रेलचेल. एक खाणकामगार, एक देवदूत, दोघांच्याही हातात मेणबत्त्या. घरात जितके मुलगे तितके कामगार आणि जितक्या मुली तितके देवदूत नाताळात खिडकीत मांडायचे, अशी या डोंगराळ मुलुखाची रीत. खाणी आटत गेल्या तसे कित्येक कामगार लाकूडकामाकडे वळले. मुलीचा देवदूत आणि मुलगा खाणीत, ही वाटणी काही मला झेपली नाही, पण दुकानदार बाई इतक्या कौतुकानं सांगत होत्या की मी मान डोलावली.

खाण मात्र अजून पाहता येते. राइशे त्सेखे तिचं नाव. आता ती बेर्गआकाडेमीच्या शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी वापरतात, पाहुण्यांनाही उतरवतात. अंगावर डगला, पायात गमबूट, डोक्यावर दिव्याचं हेल्मेट. पिंजऱ्यासारख्या लिफ्टमधून सुमारे १५० मीटर खाली. भेटल्यावर इथे ‘ग्लुक आउफ’ म्हणतात, म्हणजे धातू लागो आणि वर सुखरूप यायला मिळो. लिफ्टचं दार खडखडत लागलं तेव्हा मी ते सगळ्यात मोठ्यानं म्हटलं.

खाली दहा अंशांचा गारठा. जुन्या कामगारांच्या पोशाखात कमरेला मागच्या बाजूनं कातड्याचा एक तुकडा बांधलेला असायचा. नेमका ढुंगणावर. ओल्या दगडावर बसायला आणि उतारावरून घसरायला. आज मिरवणुकीत तो मानाचा पोशाख म्हणून घालतात. मला त्या गारठ्यात तो तुकडा उसना मिळाला असता तर बरं झालं असतं.

वाटाड्यानं एका ठिकाणी दिवा भिंतीवर रोखला. करड्या दगडातून तिरकी गेलेली वीतभर रुंदीची शीर. कडेला पांढरं गारगोटीचं अस्तर, मध्ये काळपट, चौकोनी तुकड्यांनी लखलखणारं काहीतरी. बोट लावलं तर गार आणि गुळगुळीत. “ही चांदी?” “नाही, हे शिसं. गॅलेना. चांदी त्याच्या पोटात, कणाकणानं.” म्हणजे आठशे वर्षं लोकांनी जिच्यासाठी गुडघे फोडून घेतले, ती बहुतेकांना खाली कधी दिसलीच नसणार. भट्टीत शिसं जाळून टाकल्यावर तळाशी उरायची.

तिथेच पाण्याचा आवाज येत होता. खाणीचा खरा वैरी पाणी. ते काढायला १८४४ साली रोथशोनबर्गचा बोगदा खणायला घेतला आणि १८७७ मध्ये पुरा झाला. शाखा धरून लांबी पन्नास किलोमीटरच्या आसपास. बोगदा पुरा होईतो चांदीचे दिवस भरत आले होते, भाव पडायला लागले होते. पण पाण्याला भावाशी काय देणंघेणं? बोगदा आजही चोख वाहतोय.

वर आल्यावर भाच्यानं त्याच्या कॉलेजचं कौतुक सुरू केलं. १७६५ ची स्थापना, जगात आजही चालू असलेलं खाणविद्येचं सगळ्यात जुनं विद्यापीठ. सात वर्षांच्या युद्धात सॅक्सनीचा खजिना रिकामा झाला, तो भरायला शिकलेली माणसं हवीत म्हणून काढलेलं. निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट इथला विद्यार्थी. हे सगळं मी ऐकून घेतलं, पण माझे कान टवकारले ते पुढच्या दोन गोष्टींना.

पहिली १८६३ ची. फर्डिनांड राइश नावाचे प्राध्यापक इथल्या जस्ताच्या दगडात थॅलियम हा धातू शोधत होते. दगड ज्योतीत धरायचा आणि वर्णपटात कोणत्या रंगाची रेघ उमटते ते बघायचं, अशी ती रीत. पंचाईत एवढीच, की राइश रंगांध होते. म्हणून त्यांनी सहकारी रिख्टर यांना डोळा लावायला सांगितलं. थॅलियमची हिरवी रेघ काही दिसली नाही, दिसली एक नवीच, नीळ रंगाची. म्हणजे मूलद्रव्यच नवं. त्या निळीवरून त्याचं नाव पडलं इंडियम. हा लेख तुम्ही मोबाइलवर वाचत असाल, तर बोटाखालच्या पडद्यात ते बहुतेक असेलच.

दुसरी इथलेच रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांची. जवळच्याच खाणीत चांदीचं एक नवं खनिज सापडलं, ते त्यांच्याकडे तपासायला आलं. चांदी अमुक, गंधक तमुक, बेरीज करावी तर सुमारे सात टक्के कमी. पुन्हा करावी, पुन्हा सात कमी. महिन्याचा हिशोब जुळला नाही की आपण ‘किरकोळ’ लिहून वही मिटतो. विंकलर मिटेनात. काही महिने त्या सात टक्क्यांच्या मागे लागले आणि १८८६ मध्ये जर्मेनियम हाती लागलं. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हनं पंधरा वर्षं आधी मूलद्रव्यांच्या कोष्टकात जागा मोकळी सोडून ‘एकासिलिकॉन’ म्हणून भाकीत केलेलं हेच मूलद्रव्य. पुढे पहिले ट्रान्झिस्टर त्याचेच झाले. चांदीवाल्यांच्या वहीत मात्र ते नुसती तूट होतं.

रविवारी सकाळी कॅथीड्रल पाहिलं. दगडात कोरलेलं ट्यूलिपच्या आकाराचं व्यासपीठ आणि झिल्बरमाननं १७१४ साली बांधलेला ऑर्गन यांच्यासाठी लोक लांबून येतात. मग बेकरीत ‘बाउअरहाझे’ खाल्ला. म्हणे उपवासाच्या दिवसांत धन्याला मांस वाढायची पंचाईत, म्हणून बाउअर नावाच्या स्वयंपाक्यानं सशाच्या आकाराचा गोड पाव भाजला. एकादशी दुप्पट खाशी इथंही आहे, हे पाहून बरं वाटलं.

दुपारी किल्ल्यातलं टेरा मिनरालिया हे खनिजांचं संग्रहालय. हजारो खनिजं, खंडाप्रमाणे मांडलेली. आशियाच्या दालनात एका पांढऱ्या खडबडीत दगडावर गर्द निळ्या रंगाची काटेरी गोळी बसली होती, मोरपंखाच्या डोळ्यातली निळाई. खाली पाटी: कॅव्हनसाइट, वाघोली, महाराष्ट्र. मी दोनदा वाचलं. भाचा म्हणाला, “मावशी, जगात याचे सगळ्यात देखणे नमुने तिथलेच. खडीसाठी काळा पाषाण फोडताना निघाले.” म्हणजे आमच्याकडेही कुणी हे शोधायला निघालं नव्हतं. रस्त्याला खडी हवी होती.

भावाचा फ्लॅट वाघोलीत. फोटो काढून त्याला पाठवला, वर लिहिलं, “तुझ्या पायाखाली काय आहे बघ!” दोन मिनिटांत उत्तर: “सोसायटीनं दोन बोअर मारल्या, पाणी लागलं नाही. हे कुठल्या फुटाला लागतं तेवढं विचार. आणि आई वाटी-चमच्याचं विचारतेय.”