दोन सेंटीमीटरनं काय होतं?

भाच्याची उंची दोन सेंटीमीटर कमी पडली म्हणून मी त्याला रोलर कोस्टरमध्ये बसू का दिलं नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर घरात हा विषय काढायचा मी कधीच बंद केलाय. पण लोक काढतातच. लग्नात काढतात, फॅमिली ग्रुपवर काढतात, मागे एका बारशात तर एका लांबच्या मावशींनी पेढा हातात देता देता विचारलं, "तूच ना ती, भाच्याला पाळण्यात बसू न देणारी?" पाळणा नव्हता हो तो, रोलर कोस्टर होता. आणि पुढचा प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, दोन सेंटीमीटरनं असं काय होणार होतं?

त्याच्या जोडीला एक शेरापण ठरलेला असतो, की मी भोसरीत क्वालिटीत काम करते, दिवसभर गेज लावून पार्ट रिजेक्ट करते, म्हणून माणसांनापण तसंच मोजते. हे मला लागतं. गो-नोगो गेज (पार्ट मापात आहे की नाही एवढंच सांगणारं हत्यार) हातात यायच्या कितीतरी आधीपासून मला कोस्टरचं वेड आहे, गोराईच्या एस्सेलवर्ल्डला शाळेची सहल गेली तेव्हापासून. सगळ्या मैत्रिणी डोळे मिटून किंचाळत होत्या आणि मी खाली वाकून चाकं बघत होते. २०१३ ला खोपोलीला इमॅजिका सुरू झालं आणि तिथे नायट्रो आला, स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार्ड कंपनीचा कोस्टर, पायाखाली जमीनच नाही, पाच वेळा उलटं करणारा, तेव्हा तर मला घरी सण असल्यासारखं वाटलं होतं. तर नोकरीमुळे मी अशी झाले हे कुणी म्हणू नका. उलट कोस्टरमुळे मी मेकॅनिकलला गेले.

आता मुद्द्यावर येते. लोकांना वाटतं की कोस्टर म्हणजे आधी ट्रॅक बनवतात, जितका उंच आणि वाकडा जमेल तितका, आणि मग त्यात माणसं बसवतात. एके काळी खरंच तसं होतं. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाचा कोस्टर होता, त्याचा लूप अगदी गोल, कंपासनं काढल्यासारखा. बारावीला फिजिक्स घेतलेल्यांना उभ्या वर्तुळाचं गणित आठवत असेल, माथ्यावर गाडी जेमतेम टिकण्याइतका वेग धरला तरी तळाशी आपल्या वजनाच्या सहापट जोर अंगावर येतो. आणि गोल लूपमध्ये तो हळूहळू येत नाही, सपाट ट्रॅक संपला की एकदम येतो. लोकांच्या माना दुखावल्या आणि तो प्रकार बंद पडला. पुढे १९७६ ला कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनमध्ये रिव्होल्यूशन आला, अँटन श्वार्झकॉफनं बांधलेला आणि वेर्नर स्टेंगेलनं आकडेमोड केलेला, त्याचा लूप थेंबासारखा आहे, खाली ऐसपैस आणि वर आवळलेला, म्हणजे जिथे वेग जास्त तिथे वळण मोठं. हा आकार लोखंडाच्या सोयीसाठी आलेला नाही, मानेसाठी आलेला आहे. स्टेंगेलनं पुढे तर गाडी पिळायची ती रुळाभोवती नाही, बसलेल्याच्या छातीभोवती, अशी पद्धत रूढ केली. मला या माणसाबद्दल प्रचंड आदर आहे. त्यानं सुरुवात शरीरापासून केली.

त्यामुळे शरीराचं माप हे डिझाइनमधलं इनपुट आहे. गेटवर लावलेली उंची मोजायची पट्टी ही शोभेची किंवा वकिलांनी सांगितलेली गोष्ट नाही, ती ड्रॉइंगचाच भाग आहे. (प्रामाणिकपणे सांगते, गाडी पिळताना धरलेल्या छातीच्या उंचीत दोन सेंटीमीटर इकडेतिकडे झाल्यानं काहीही बिघडत नाही. खरा मुद्दा मांडीचा आहे.)

समजा गाडी एका टेकडीच्या माथ्यावर ताशी ७२ किलोमीटरनं आली, म्हणजे सेकंदाला २० मीटर. वेगाचा वर्ग ४००, भागिले ९.८, म्हणजे साधारण ४१. माथ्याच्या वळणाची त्रिज्या ४१ मीटर असेल तर तिथे तुमचं वजन शून्य, सीटला नुसते टेकलेले असता. डिझायनरनं तीच त्रिज्या २० मीटर केली की तुमच्या पूर्ण वजनाइतका जोर तुम्हाला सीटवरून वर काढायला लागतो, खुर्ची उलटी टांगून तुम्हाला त्यात बसवावं तसं. याला एअरटाइम म्हणतात आणि आम्ही वेडे लोक यासाठीच तासन्तास रांगेत उभे राहतो. गाडीलापण तोच जोर लागतो, तीसुद्धा रूळ सोडून उडाली असती. ती उडू नये म्हणून रुळाच्या खालून धरणारी तिसरी चाकं असतात, अमेरिकेतल्या जॉन मिलर नावाच्या कोस्टर डिझायनरनं १९१९ ला त्याचं पेटंट घेतलं आणि खऱ्या टेकड्या तिथून सुरू झाल्या. गाडीला खालची चाकं, तसा माणसाला लॅप बार, म्हणजे मांडीवर येऊन लॉक होणारा आडवा दांडा. मांडी जिथे कमरेला मिळते तिथे तो घट्ट बसला पाहिजे, पोटावर नाही, गुडघ्याकडे तर नाहीच नाही. लहान मुलाची मांडी आखूड, बारीक, कंबर अरुंद, बार शेवटच्या खाचेपर्यंत खाली आणला तरी खाली जागा उरते. आणि मूल त्या जागेतून वर सरकतं.

आता तो दिवस. पार्कचं नाव सांगणार नाही, विचारू नका.

दिवाळीची सुट्टी होती, दादा-वहिनी सांगलीहून भाच्याला घेऊन आलेले. आठ वर्षांचं पोरगं, वयाच्या मानानं लहानखुरं. त्याला हे वेड मीच लावलं होतं, फोनवर आम्ही तासभर चेन लिफ्टबद्दल, म्हणजे गाडी वर ओढणाऱ्या साखळीबद्दल बोलायचो, गाडी चढताना टकटक असा आवाज का येतो, ते दाते मागे घसरू देत नाहीत, हे त्याला पाठ होतं. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यानं त्या पार्कच्या कोस्टरचा पूर्ण ट्रॅक काढला होता, टेकड्यांना नंबर देऊन.

रांगेच्या शेवटी पट्टी होती, लोखंडी खांब आणि १२० सेंटीमीटरवर एक आडवी दांडी. दांडीला डोकं लागलं पाहिजे. बूट घालून लागलं. ऑपरेटर म्हणजे एक विशीचा पोरगा, त्यानं बूट काढायला सांगितले. मग नाही लागलं. दांडी आणि डोकं यामध्ये त्याची दोन बोटं गेली, त्यानं केस चपटे करून परत बघितलं, तरी गेली. मी खाली बघितलं तर भाच्याच्या मोज्यात टाचा वर उचललेल्या, अंगठे लोखंडी पत्र्यावर इतके दाबलेले की मोज्याचं टोक दुमडलेलं, आणि नजर सरळ समोर, श्वास रोखलेला.

दादा म्हणाला, "दोन सेंटीमीटर तर हाय, चालतंय की." मग म्हणाला, "सांगलीपासनं आलोय, पोरगं वर्षभर वाट बघतंय." मागून कुणीतरी म्हणालं, सोडा हो, लहान पोर आहे. ट्रेन लागलेली, लोक बसायला लागलेले. ऑपरेटरनं एकदा केबिनकडे बघितलं, तिथला माणूस फोनवर होता, मग तो हळूच म्हणाला, "पालक सोबत बसत असतील तर बसू द्या."

तिथे मी बोलले. त्या कोस्टरला दोघांत मिळून एकच बार होता. एकच बार म्हणजे तो मोठ्या माणसाच्या मांडीवर किंवा पोटावर अडकतो आणि तिथेच लॉक होतो, शेजारच्या लहानाच्या मांडीपर्यंत तो पोचतच नाही. दादाचं पोट सुटलेलं आहे, हे त्यालाही माहितीये. म्हणजे जी सवलत ऐकायला सगळ्यात सुरक्षित वाटते, बापाच्या शेजारी, तीच सगळ्यात वाईट. यातलं मी काहीच समजावून सांगितलं नाही. मी मोठ्यांदा एवढंच म्हणाले, "नको. त्याला बसवू नका. तुम्ही बसवलंत तर मी आत्ता केबिनमध्ये जाऊन सांगते."

दादानं माझ्याकडे जसं बघितलं तसं त्यानं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. "तू कुणाच्या बाजूनं हाईस?" एवढंच म्हणाला. वहिनी खाली बसून बुटाच्या लेस बांधायला लागल्या. भाचा रडला नाही. तो मला म्हणाला, "आत्या, तूच म्हणालेलीस ना, हे मशीन कुणाला पाडत नाही?"

म्हणाले होते. शंभरदा म्हणाले होते.

आणि नंतरची गोष्ट, ज्यावरून नातेवाईक मला जास्त बोलतात. दादा म्हणाला, "जा, तुझं तिकीट कशाला फुकट घालवतीस," आणि मी गेले. हो, बसले मी. रागानं बसले म्हणा, हट्टानं म्हणा, पण मला बघायचं होतं. माझ्या शेजारी एक धिप्पाड गृहस्थ आले, बार त्यांच्या पोटावर टेकून लॉक झाला, आणि माझ्या मांडीच्या वर चार बोटं जागा. दुसऱ्या टेकडीवर मी ती चारही बोटं वर गेले आणि मग बार मांडीला लागला. मी मोठी बाई, पाय लांब, हातानं धरून होते. तिथे ११८ सेंटीमीटरचं पोर असतं तर, हे मला उतरेपर्यंत डोळ्यापुढून हललं नाही. हे मी दादाला आजवर सांगितलेलं नाही, कारण तो म्हणेल मग तू कशी बसलीस.

आता तुमच्या बाजूनंपण बोलते, कारण मी काही दगड नाही. आमच्या मागे एक मुलगा होता, तो दांडीला लागला, जेमतेम. तो त्याच्या वडिलांसोबत बसला आणि हसत उतरला. दादा आजपण तेच विचारतो, त्या पोराची मांडी काय दोन सेंटीमीटरनं जाड होती? नव्हती. बार त्याच्यावरपण बसला नसणार. आणि याला माझ्याकडे धड उत्तर नाही. आमच्या क्षेत्रात म्हणतात की पार्टचं जे माप खरं काम करतं ते तपासा. मुलाचं काम करणारं माप आहे मांडी आणि कंबर, उंची नाही. उंची मोजायला सोपी म्हणून उंची मोजतात, वर थोडी राखीव जागा ठेवतात आणि म्हणतात झालं. म्हणजे मी ज्या गेजच्या बाजूनं सख्ख्या भावाविरुद्ध उभी राहिले ते गेज चुकीच्या जागी लावलेलं आहे, हे मला माहिती आहे. तरी मी तिथेच उभी राहीन. कारण दुसरं गेज त्या गेटवर नव्हतं, आणि जे आहे तेपण वाकवायचं ठरलं तर मग काहीच उरत नाही.

वाकवल्यावर काय होतं ते बघा. २०१५ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये स्मायलर कोस्टरला कंप्युटरनं गाडी बरोब्बर थांबवली होती, कारण पुढच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या पुढच्या तुकड्यात, एक रिकामी गाडी अडकलेली होती. कर्मचाऱ्यांना वाटलं कंप्युटरच चुकतोय, त्यांनी सिस्टिम ओव्हरराइड करून, म्हणजे तिचा थांबा डावलून, गाडी सोडली. दोन तरुण मुलींचा एकेक पाय कापावा लागला, कंपनीला पुढे ५० लाख पाउंड दंड झाला. २०२२ च्या मार्चमध्ये ऑर्लँडोत फ्री फॉल टॉवरवरून १४ वर्षांचा मुलगा पडून दगावला. तो कोस्टर नव्हता, आणि त्याचं शरीर लहान नव्हतं, मर्यादेपेक्षा मोठं होतं. तपासात निघालं की त्या सीटचा सेन्सर हातानं बदललेला होता, हार्नेसची, म्हणजे खांद्यावरून येणाऱ्या बारची, फट नेहमीच्या जवळजवळ दुप्पट असली तरी सीट ओके दाखवत होती. हीपण सवलतच. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

हां, आणि २०१९ ला अहमदाबादच्या कांकरियाला पेंड्युलम राइड तुटून दोन जण गेले, तिथे कितीही काटेकोर पट्टी असती तरी उपयोग नव्हता. तेव्हा पट्टी पाळली की सगळं सुरक्षित, असं मी म्हणत नाहीये. आधी म्हणायचे. आधी मी छाती ठोकून सांगायचे की मशीनवर विश्वास ठेवा, माणसं घोळ घालतात. पण त्या दिवशी गेटवर बार, सेन्सर, ब्रेक सगळं जागेवर होतं आणि निकाल लागणार होता तो एका विशीतल्या पोराच्या धीरावर, ज्याला पाठीशी घालायला कुणी नव्हतं. मग तो पोरगा मशीनचा भाग आहे की नाही? मला वाटतं आहे. माझी जुनी मी म्हणेल की मग मशीन कुणाला पाडत नाही हे वाक्य खोटं ठरलं. ठरत असेल. आमचं भांडण चालू आहे.

भाचा आता माझ्यापेक्षा उंच झालाय, त्याला या विषयात काडीचा रस उरलेला नाही, क्रिकेट खेळतो. मशीनबद्दलचा तो प्रश्न त्यानं परत कधी विचारला नाही आणि मी पण काढला नाही.

दादा हल्ली बोलतो, भाऊबीजेला येतो. लॅप बारचं गणित त्याला मी कागदावर काढून दाखवलं, ते त्याला समजलं, पटलंसुद्धा. तो आता वेगळंच म्हणतो. म्हणतो की बरोबर होतीस, पण चारचौघांत ओरडायची काय गरज होती, मला बाजूला घेऊन हळू सांगायचं, पोराचा तमाशा झाला नसता. यावर आम्ही प्रत्येक वेळी नव्यानं भांडतो. मी म्हणते की ट्रेन लागलेली होती, ऑपरेटर हो म्हणून बसला होता, तुला बाजूला घेईपर्यंत त्यानं पोराला बसवून बार खाली ओढला असता. तो म्हणतो, एवढा वेळ होता. मी म्हणते, नव्हता.