काम काय हिचं?

माझ्या मोठ्या पोरीनं जेवताना विषय काढला तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, खरोखरच गोंधळले.

"आबाजी, आपण काहीतरी पाळू ना."

मामाजींनी घास हातातच धरला आणि कोठ्याकडे पाहिलं. "मंग हे कोण हायेत? पाव्हणे?"

कोठ्यात बैलजोडी, एक गवळाऊ गाय, दोन बकऱ्या. अंगणात आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, नऊ कोंबड्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पोरीला काय पाहिजे ते मला कळलं होतं. बैल नांगराला, गाय दुधाला, कोंबड्या अंड्यांना. तिला असं जनावर पाहिजे होतं ज्याला काहीच काम नाही, जे फक्त तिचं आहे. शेतकऱ्याच्या घरात ही मागणी जरा विचित्रच. मामाजींनी एकच विचारलं, "त्याचं काम काय?" आणि उत्तराची वाट न पाहता ताक प्यायले.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाच्या बाजूला. मी एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे, गावात मला सिस्टर म्हणतात. आठवड्यातले काही दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात ड्युटी असते, आणि तिथे कुत्रा चावलेल्यांची नोंद बरेचदा माझ्याच हातानं होते. त्यामुळे घरात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात "नाही" मीच म्हटलं.

डिसेंबरमध्ये गावातल्या एका कुत्रीनं आमच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, ढिगामागे पाच पिल्लं घातली होती. विषयाची सुरुवात तिथून झाली होती. लहान्या शाळेतून आला की दप्तर फेकून ढिगामागे. मोठी आपल्या वाटणीचं दूध अर्धं पिऊन बाकीचं "नंतर पिते" म्हणून बाहेर न्यायची. मला काय कळत नव्हतं?

माझ्या नाहीमागे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे ते रजिस्टर. चावणारा कुत्रा कोणाचा, असं विचारलं की पुष्कळदा उत्तर येतं, "आमचाच म्हणा ना सिस्टर, पण तसा आमचा नाई." म्हणजे भाकर आपली खातो, झोपतो शेजाऱ्याच्या सपरीत, आणि लस त्याला कोणीच दिलेली नाही. गावात कुत्रा पाळायची हीच रीत आहे. तो गल्लीचा असतो. चावला की कोणाचाच नसतो. आणि जखमेवर तिखट, चुना, हळद असं काहीबाही लावून माणूस येतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, एवढं साधं सांगून माझा घसा बसतो.

दुसरी गोष्ट माहेरची. मी आठवीत होते तेव्हा माझ्या चुलत काकाला कुत्रा चावला. दवाखान्यात नेण्याऐवजी झाडफूक करणाऱ्याकडे नेलं. दोन महिन्यांनी काका पाण्याचा गिलास पाहून भिंतीला सरकला. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की औषध चालत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आमच्या काकूला अजूनही कुत्रं भुंकलं की ती दार लावून घेते. याच्यापुढे मी लिहीत नाही.

पोरांना हे सांगितलं नव्हतं. त्यांना मी नुसती खडूस आई दिसत होते. मग पर्याय सुरू झाले.

लहान्या म्हणाला, पोपट. म्हटलं, आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. त्याला वाटलं मी बनवते आहे. मोठी म्हणाली, ससा. आमच्या टिनाच्या घरात मे महिन्यात कूलर लावूनही माणसं भाजतात, पारा 45 च्या पुढे जातो, आणि ससा उन्हाला फार नाजूक. नाही. मासे? लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही, मोटरपंपाचं वेळापत्रक सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात, तिथे माशांना हवा कोण देणार. माझ्या नणदेनं नागपूरहून फोनवर लॅब्राडोर सुचवला, तिच्या ओळखीत दहा हजाराला मिळत होता. मामाजींनी आकडा ऐकला आणि फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहत राहिले. दहा हजारात बेरारी बकरी येते, गाभण.

मांजर मला स्वतःला चाललं असतं. सोयाबीनच्या पोत्यांना उंदीर लागतातच. पण आत्याबाई आडव्या आल्या. मांजर कोंबड्यांची पिलं खाते, हे एक. आणि मांजर आपल्या हातून मेलं तर सोन्याची मांजर करून काशीला द्यावी लागते, हे दुसरं. "सोन्याचा भाव मालूम हाये का तुले?" यावर काय बोलणार?

राहिली बकरी. घरात होतीच. मामाजींनी लहानी बकरी मोठीला देऊन टाकली, "घे, हे तुही." मोठी काही बोलली नाही, पण लहान्या बोलला, "आणि मग इकता." दोन वर्षांपूर्वी त्यानं एका बोकडाचं नाव राजा ठेवलं होतं. व्यापारी आला तेव्हा हा शाळेत होता. घरी आल्यावर दोन दिवस जेवला नाही. तेव्हापासून बकऱ्यांना नाव ठेवायचं नाही असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. ज्याला काम आहे ते जनावर एक दिवस जाणार, हे पोरगं आम्ही न शिकवता शिकलं होतं.

तोवर ढिगामागची पिल्लं वाटली गेली. चार नर होते, चारही गेले. उरली एक मादी, सरकीच्या रंगाची, मळकट पांढरी. आत्याबाई म्हणाल्या, "मादी त नोकोच. सालात दोनदा वेते, पिल्ले कोण पोसन?" मोठी भाकर मोडता मोडता थांबली. म्हणाली, "आई, तुमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर काय लिहिलंय?" बेटी बचाओ. मीच रंगवून घेतलंय. आमचे हे तोंड फिरवून हसले. आत्याबाईंना कळलं नाही, किंवा कळलं आणि त्यांनी दाखवलं नाही.

मामाजींचं कारण मात्र मला त्या रात्री कळलं, तेही यांच्याकडून. माझं लग्न व्हायच्या आधी मामाजींजवळ वाघ्या नावाचा कुत्रा होता. जागलीला, म्हणजे रात्री वावराची राखण करायला, सोबत न्यायचे. रानडुकरं, रोही (नीलगायी) यांच्यावर धावून जाणारा. एका थंडीत माचीच्या खालून बिबट घेऊन गेला. मामाजी माचीवर जागे होते. सकाळी गळ्यातला पट्टा तेवढा धुऱ्यावर सापडला. त्यानंतर वावरात कुत्रा नाही, घरातही नाही. बोरला 2014 साली व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून जो तो वाघाचं बोलतो, पण कुत्र्याचा खरा वैरी बिबट. तो गावात शिरतो, अंगणातून नेतो.

मी शेवटी हो म्हटलं ते पोरांसाठी का त्या रजिस्टरसाठी, मला नक्की सांगता येणार नाही. वाटलं, हे पिल्लू आपण नाही घेतलं तरी ते जाणार कुठे? याच गल्लीत मोठं होणार, आपलीच भाकर खाणार, आणि विचारलं की आपणही म्हणणार, "आमचंच म्हणा ना, पण तसं आमचं नाही." मग पूर्णच आपलं करू. लस, जंताचं औषध, पट्टा, सहा-सात महिन्यांनी ऑपरेशन. मी पोरांना अटी सांगितल्या. सायपाकघरात आणि देवघरात ती येणार नाही. तिच्या अंगाला हात लावला की साबणानं धुवायचे. आणि शेवटची, बोट नाचवून सांगितलेली: "एकदा जरी दात लागला, त्याच दिवशी बाहेर."

तेव्हा ती अट मला फार शहाणपणाची वाटली होती.

नाव ठेवलं सरकी. सहा-सात आठवड्यांची असेल. पहिल्या रात्री इतकी रडली की शेजारच्यांनी सकाळी विचारलं, कोणाला बरं नाही का. दुसऱ्या आठवड्यात यांची एक चप्पल गेली. तिसऱ्या आठवड्यात आत्याबाईंचं एक पिलू गेलं. खाल्लं नाही, खेळता खेळता मेलं. आत्याबाई दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत, आणि मला त्यांचा राग रास्तच वाटला. कोंबड्या त्यांचा स्वतःचा पैसा आहे.

10 फेब्रुवारीला शाळा-अंगणवाडीत जंतनाशक गोळ्या वाटून आले, त्याच संध्याकाळी ढोरांच्या डॉक्टरांनी दिलेलं जंताचं औषध सरकीला पाजलं. "घरातले तीनही झाले," मी म्हटलं आणि मग माझंच मला हसू आलं. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, म्हणजे मार्चमध्ये द्यायची होती.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी लहान्या पाय धुवायला न्हाणीत गेला तो आतून कडी लावून. सात वर्षांचा पोरगा, कधी कडी लावत नाही. दुसऱ्या दिवशी झोपताना पँट वर सरकली तेव्हा पोटरीवर दोन लाल ओरखडे दिसले.

"काटा लागला."

"कशाचा?"

"बोरीचा."

अशा जखमा मी रोज पाहते. स्पिरिटचा बोळा लावला. तो जोरात ओरडला. झोंबलं म्हणजे कातडी फुटलेली. रक्त आलेलं नव्हतं. मी विचारलं, सरकीचा दात का? तर तो रडायलाच लागला, आणि रडता रडता म्हणाला, "मी पाण्यानं धुतलं, साबण नाही लावला, साबणानं झोंबते अन् मी ओरडलो असतो अन् तू आली असती. तिला बाहेर काढू नको."

मी रात्री झोपले नाही. लस न दिलेल्या पिल्लाचा दात लागलेला पोरगा एक दिवस आणि एक रात्र गप्प बसला, आणि त्याला गप्प बसवलं होतं मी. पंचक्रोशीत सगळ्यांना सांगत फिरते, लपवू नका, लगेच या. आणि माझ्याच घरात लपवल्याशिवाय चालणार नाही असा नियम मीच करून ठेवला होता.

पोरानं रात्रीच जखम साबणानं धुवून घेतली, पंधरा मिनिटं, मी घड्याळ धरून. सकाळी केंद्रात पहिलं इंजेक्शन. मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी. पिल्लू दहा दिवस ठणठणीत राहिलं तर पुढचं थांबवता येतं, हे मला माहीत आहे. सरकी ठणठणीतच होती, दहाव्या दिवशी तिनं माझी ओढणी फाडली. तरी 28 व्या दिवसाचं मी दिलंच. त्यात माझी भीतीच जास्त होती.

अट बदलली. दात लागला, नख लागलं, कोणाचंही, कुठंही, तर आधी साबण, मग आई. सरकी कुठेही जाणार नाही. हे मी पोरांसमोर म्हटलं आणि आत्याबाईंसमोरही म्हटलं, म्हणजे नंतर मलाच फिरता येऊ नये. आत्याबाई म्हणाल्या, "कोंबड्या झाकून ठेवीन मी." त्यांच्या तोंडून एवढंच पुष्कळ.

मार्चमध्ये लस. तालुक्याला त्या दिवशी शिल्लक नव्हती म्हणून हे वर्ध्याहून मेडिकलमधून थर्मासमध्ये बर्फ घालून घेऊन आले, जशी मी पोरांच्या लसी नेते तशी. डॉक्टरांनी टोचली. मोठीनं माझ्याकडच्या माता-बालक कार्डासारखं एक कार्ड वहीच्या पुठ्ठ्यावर बनवलं: नाव सरकी, आईचं नाव पऱ्हाटीवाली, पुढची तारीख पुढच्या मार्चची. ते दाराच्या मागे खिळ्याला लटकतंय. ऑपरेशन पोळ्याच्या आधी नागपूरला, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात करून आणलं. येताना गाडीत ती लहान्याच्या मांडीवर ओकली. हे त्यानं वर्गात सगळ्यांना सांगितलं, मोठ्या अभिमानानं.

ती राखण बिलकूल करत नाही, हेही सांगून ठेवते. वानरं येऊन शेवग्याच्या शेंगा ओरबाडून गेली तेव्हा ही बंगईखाली चारी पाय वर करून झोपली होती. पाहुण्यांवर भुंकत नाही, फक्त दूधवाल्यावर भुंकते, तोही रोजचा माणूस. मामाजी रोज संध्याकाळी खाटेवर बसून तिच्या कानामागचे गोचीड काढतात, मिठाच्या पाण्याच्या वाटीत टाकतात आणि प्रत्येक गोचिडाबरोबर विचारतात, "काम काय हिचं? सांगा ना कोणी."

कोठ्याच्या कोपऱ्याला त्यांनी जाळी मारली, वरूनही, खालूनही. आम्ही कोणी सांगितलं नव्हतं. रात्री आठला स्वतः आत घालतात आणि कडी दोनदा ओढून पाहतात.

आता हरभरा उगवलाय, डुकरं यायला लागली, जागल सुरू झाली. परवा मामाजी काठी, बॅटरी, घोंगडी घेऊन निघाले तेव्हा सरकी जाळीला नाक लावून उभी राहिली, शेपटी हलवत. मोठी म्हणाली, "आबाजी, न्या ना तिले सोबत. तेवढंच काम होईन तिले."

मामाजी फाटकापर्यंत गेले होते. परत आले, कडी ओढून पाहिली.

"तिचं काय काम वावरात?" म्हणाले, आणि एकटेच गेले.