एकच मुखडा, दोन दारं

आज दिवसभर एकाच पात्राचं गाणं बसवलं. दिवसा कर्जदारांच्या दारात उभा राहून धमकावणारा वसुलीवाला, रात्री लेकीला थोपटणारा बाप. मुखडा एकच: ‘दार उघड, मीच आलोय’. पहिल्यांदा कर्जदाराच्या दारात, शेवटी स्वतःच्या. शब्द तेच राहिले तरच माणूस एक वाटतो.

चालीसाठी भूप आणि देशकार हे दोन राग घेतले. दोघांचे स्वर तेच, सा रे ग प ध. देशकारात वादी, म्हणजे मुख्य स्वर, धैवत (ध); चलन उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, तार षड्जाकडे (वरच्या ‘सा’कडे) झेपावणारं. तिथे धमकी बसते. भूपात वादी गंधार (ग), चलन खाली, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या धैवतापर्यंत, तिथे बाप. एकच धोका: धमकीच्या कडव्यात गायक गंधारावर रेंगाळला की लगेच भूप दिसतो आणि माणूस वेळेआधी विरघळतो. तिथे गंधार नुसता स्पर्शून पुढे जायचं.

ठेका केरवा, आठ मात्रा. दुसऱ्या अंतऱ्यात ताल बदलायचा मोह होतो, पण मग दोन वेगळी गाणी ऐकू येतात. लय तीच ठेवून तबल्याचे बोल विरळ केले. लांबवायचं ते ‘दार’मधल्या ‘आ’वर, कारण ‘उघड’चा ‘ड’ आवाज बंद करतो.

आणि ‘माझ्यात दोन माणसं’ ही ओळ काढली, फार बरं झालं! पात्र स्वतःचं पृथक्करण करू लागलं की श्रोत्याला करायला काही उरत नाही. त्या जागी आता चार मात्रा नुसता तानपुरा, मग कडी वाजल्याचा आवाज.