फ्रेम नको म्हणणारी गिऱ्हाइकं

आमचं दुकान फ्रेमांचं. पणजी मार्केटच्या मागच्या गल्लीत, तीन माणसं आत आली की चौथ्याने पायरीवर उभं राहायचं, एवढंच. बाबा सावंतवाडीहून येऊन इथे बसले तेव्हा कामं ठरलेली असायची. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, पोरांच्या डिग्र्या, ख्रिस्ती घरांतून येशूच्या पवित्र हृदयाचं चित्र, आणि कोणी गेलं की बाराव्याच्या आत मोठा करून हवा असलेला फोटो. चित्रकाराने काढलेलं चित्र क्वचित यायचं. आलं की बाबा आधी हात धुऊन घ्यायचे.

आता फोटो फोनमध्येच राहतात, देव फ्रेमसकट तयार मिळतात, आणि माझ्या टेबलावर येतं त्यातलं निम्म्याहून जास्त कोणा ना कोणा चित्रकाराचं असतं. पणजीत खरंच कला वाढतेय का, की नुसता गाजावाजा आहे, असं बाहेरचे मित्र विचारतात तेव्हा मी हेच सांगतो. दुसरं मोजमाप माझ्याकडे नाही.

यातला मोठा भाग पर्यटकांच्या चित्रांचा, हे आधीच सांगून टाकतो. फोंताइन्हास या पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतली निळी खिडकी, पिवळी भिंत, बाल्कांवांवर, म्हणजे दारापुढच्या बैठकीवर, बसलेलं मांजर, कडेला बोगनवेल. आकार केबिन बॅगेत मावेल असा. काच नको, फुटते. पट्टी हलकी हवी. संध्याकाळची फ्लाइट आहे. या चित्रांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्यावर दुकानाचं भाडं निघतं. मात्र एक गोष्ट खटकते. ती पिवळी भिंत पिवळी राहते कारण घरमालक पावसाळा संपला की पदरमोड करून ती रंगवतो. फोटोवाले, रीलवाले, प्री-वेडिंगवाले आणि चित्रवाले, सगळे त्या रंगावर जगतात. रंगाचा डबा मालकाच्या खिशातून. वर सकाळी दार उघडलं की पायरीवर कोणीतरी पोझ देऊन बसलेलं. तिथल्या काही घरांनी फोटो काढू नका असे बोर्ड लावलेत, त्याचं लोकांना आश्चर्य वाटतं. मला ते बोर्ड इतक्या उशिरा लागले याचं वाटतं.

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचंही तसंच. कपावर, टाइलवर, पिशवीवर मारिओ सगळे घेऊन जातात. पण कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांच्या त्या इमारतीत, बाजूच्या भिंतींवर मारिओंनी खोटे बॉक्स आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवलेत. नाटक कंटाळवाणं असलं तरी वेळ जातो. ते बघायला खास पर्यटक आलाय असं फारसं ऐकत नाही.

मग डिसेंबर. २०१६पासून सेरेंडिपिटीचा कला महोत्सव पणजीत भरतो, कोविडचा खंड सोडला तर दरवर्षी. जुन्या जीएमसीच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीत, मांडवीकाठच्या आदिलशहाच्या वाड्यात, कधी सरकारी कचेऱ्यांच्या रिकाम्या मजल्यांवर. ज्यांना पणजी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: या शहराला मोकळ्या जुन्या इमारती मिळाल्या त्या कलेसाठी कोणी बांधल्या म्हणून नव्हे. वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला गेलं, विधानसभा पर्वरीला गेली, मागे उंच छताची, जाड भिंतींची दालनं राहिली. २००४मध्ये इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आला तेव्हा जीएमसीच्या आवाराला पहिली रंगसफेदी झाली आणि लोकांच्या लक्षात आलं की इथे काहीतरी भरवता येतं. आमच्या आधीच्या पिढीचे लोक याच इमारतीत अपेंडिक्स काढून घ्यायला आले होते. माझी मावशी एका वर्षी प्रदर्शन बघायला आली आणि चित्रांकडे पाठ करून, कुठला वॉर्ड कुठे होता हेच दाखवत राहिली. तिच्याभोवती चार-पाच दिल्लीवाले गोळा झाले. त्यांना वाटलं हाही प्रयोगाचाच भाग.

महोत्सवाच्या काळात माझं फ्रेमचं काम उलट कमी होतं. कंत्राटदारांकडून येतात ती कामं वेगळी: पांढरे चौथरे, दिवे लावलेल्या पेट्या, भिंतीपुढे उभी करायची खोटी भिंत. सगळं एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळ्यांचं, त्यावर दोन हात पांढरा रंग, कोपरे घासून. पाठोपाठ दहा दिवसांत ते मोडायचं. त्या फळ्यांचं पुढे काय होतं हे कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसतं, म्हणून इथे लिहून ठेवतो. पणजी-ताळगाव भागातल्या बऱ्याच दुकानांची शेल्फं कधीकाळी एखाद्या शिल्पाखाली होती.

हे काम मी सुतारांच्या नव्हे, पोरांच्या जिवावर घेतो. नरकासुर बांधणारी पोरं. दिवाळीच्या आदल्या रात्री पणजीच्या चौकाचौकांत दोन-दोन मजली नरकासुर उभे राहतात; लोखंडी सांगाडा, कागद, कापड, मोटर लावून हलणारे हात, डोळ्यांत दिवे. शिगम्याला हीच पोरं चित्ररथ करतात. वजन कुठे पेलायचं, वायर कुठून लपवायची, रात्रीत काय वाळेल आणि काय नाही वाळणार, हे त्यांना शिकवावं लागत नाही. बाहेरून आलेला एक नावाजलेला कलाकार आपल्या कामाचा तोल सांभाळत बसला होता, तेव्हा आमच्या एका मुलाने आत वाळूची पोती टाकून दोन मिनिटांत विषय संपवला. भिंतीवरच्या पाटीवर अर्थात त्या मुलाचं नाव नव्हतं. असायला हवं होतं असं मला वाटतं, आणि हे मी त्या कलाकारालाही सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे. पाटी मात्र छापून झाली होती.

आल्तिनच्या टेकडीवर गोवा कला महाविद्यालय आहे, १९७२चं. तिथली मुलं वार्षिक प्रदर्शनाच्या आधी माझ्याकडे येतात. पूर्वी फ्रेम स्वस्तात हवी असायची, आता फ्रेमच नको असते. एक मुलगी रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावर ओढून मासे धरायच्या, जुन्या जाळ्याचा तुकडा घेऊन आली. त्यावर तिने रायबंदरच्या वाटेवरच्या मिठागरातलं मीठ बसवलं होतं, खडे तसेच ठेवून.

"दादा, फ्रेम नको. फक्त पडू नये एवढं बघा."

मी म्हटलं, बाय, पाऊस लागला की हे मीठ पाणी सोडणार. भिंत ओली होईल, खाली थेंब पडतील.

"पडू देत ना. तेच तर हवंय."

आयुष्यभर मी ओल बाहेर कशी ठेवायची हेच शिकलो. या शहरात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कागदाला काच चिकटू नये म्हणून मध्ये बारीक पट्टी घालावी लागते. मागचा हार्डबोर्ड फुगतो, साधा माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, दोन पावसाळ्यांत पिवळा पडून चित्रावर तपकिरी रेघ सोडतो, म्हणून आम्लरहित बोर्ड वापरायचा. मागून कागदी टेपने फ्रेम पूर्ण बंद करायची, नाहीतर कसर शिरते. समुद्राकडच्या भिंतीवर तर चित्र लावूच नये. लावलंच तर खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे मागे हवा खेळते. आणि ही मुलगी मला ओल आत घ्यायला सांगत होती. मी स्टीलच्या हुकांवर ते जाळं टांगून दिलं. मिठाने लोखंड खाल्लं असतं, तेवढं माझं ऐकलं तिने.

तिला मी विचारलं, पुढे काय, मुंबई की बडोदा? ती म्हणाली, इथेच. हे उत्तर मला नवीन होतं. गोव्याचा चित्रकार म्हणजे गोवा सोडून गेलेला चित्रकार, हे शंभर वर्षांचं गणित आहे. आंतोनियो शावियेर त्रिंदाद मुंबईला गेले, जेजेत, म्हणजे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवलं. त्यांची आणि त्यांची मुलगी आंजेला यांची चित्रं आज फोंताइन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे आहेत. आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनच्या वळणावर वाढले, मेरीला साडी नेसवून रंगवलं, आणि राहिले पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघात. १९६७ साली वारले तेही पुण्यात. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा जेजेतून काढले गेले, पुढे लंडन, न्यूयॉर्क. लक्ष्मण पै पॅरिसमध्ये दहा वर्षं राहिले. पण १९७७मध्ये ते या टेकडीवरच्या कॉलेजचे प्राचार्य म्हणून परत आले, आणि माझ्या मते उलटी वाट तिथून सुरू झाली. सुनापरांत हे कलाकेंद्र याच आल्तिनवर २००९पासून आहे. सुबोध केरकर डॉक्टरकी सोडून चित्रकार झाले, त्यांनी २०१५मध्ये पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत संग्रहालयच उभं केलं. आणि डिसेंबर २०२५मध्ये सुरू झालेल्या कोची बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनाची मांडणी गोव्यात राहून काम करणाऱ्या निखिल चोप्रांकडे होती. ते त्यांच्या इथल्या एच. एच. आर्ट स्पेसेस या गटाबरोबर हे काम करत होते. म्हणजे तिकडून इथे बोलावणं येतंय, नोकरी शोधायला माणूस जात नाहीये.

यात खुपणारी गोष्ट विकत घेणाऱ्यांची आहे. मोठं, महागडं काम माझ्याकडून फ्रेम होऊन जातं ते आसगाव, हळदोणा, मयडे इथल्या घरांत. जुनी घरं विकत घेऊन दुरुस्त केलेली, मालक बाहेरचे, वर्षातून थोडे दिवस येणारे. चित्र लागतं आणि बंद घरात पावसाळा काढतं. ऑक्टोबरात बुरशी घेऊन परत माझ्याकडे. पणजीतला मध्यमवर्गीय माणूस मात्र अजून चित्र विकत घेत नाही. फ्लॅटला पन्नास-साठ लाख घालेल, फॉल्स सीलिंग करेल, भिंतीवर ऑनलाइन मागवलेले सात धावते घोडे लावेल. मी कधी कधी कॉलेजच्या मुलांची छोटी कामं दुकानात मुद्दाम दर्शनी टांगतो, किंमत लिहून. त्या मानाने डॉक्टर मंडळी बरी. आणि अलीकडे शिक्षक दांपत्यं हप्त्याने घेतात. वही ठेवलीय त्यासाठी.

दुसरं म्हणजे जागा. डिसेंबरात मिळणारी दालनं इतर महिन्यांत स्थानिक पोराला परवडतील अशा भाड्याने मिळाली पाहिजेत. कला अकादमी दुरुस्तीसाठी २०२१ ते २०२३ बंद होती, तेव्हा ही चणचण फार जाणवली. पाट्टोवरच्या संस्कृती भवनाच्या दालनात आणि मिनेझिस ब्रागांझा संस्थेत तेवढी सोय होती. ब्रागांझात शिरताना डाव्या-उजव्या भिंतींवर १९३५च्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजो फरशा आहेत. तुमचं प्रदर्शन बघायला आलेली माणसं आधी त्याच बघत उभी राहतात, याची तयारी ठेवावी.

शिवाय सगळं ऑक्टोबर ते मार्च. जूनला पाऊस लागला की प्रदर्शनं आटतात, कारण पर्यटक नसतात. पण तेव्हाच तर आम्ही इथले लोक रिकामे असतो, घरात असतो, बघायला वेळ असतो. पुढच्या जुलैत कोणी पणजीत चित्रं लावणार असेल तर माउंट मी फुकट कापून देईन. काचेचे पैसे घेईन, काच महाग झालीय.