खिद्रापूर: उन्हाचा गोल आणि कार्तिकातला चंद्र

डिसेंबरात मी आणि आई खिद्रापूरला जाऊन आलो. कोल्हापूरहून साठेक किलोमीटर, शिरोळ तालुक्याच्या अगदी टोकाला कृष्णेकाठी हे गाव आहे. आम्ही एसटीने कुरुंदवाडला उतरलो आणि पुढे रिक्षा ठरवली. उसाचा हंगाम होता, त्यामुळे रस्ताभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या. वेळ हाताशी ठेवूनच निघा.

कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. आत शिरल्यावर पहिला लागतो तो स्वर्गमंडप. त्याच्या छताला मधोमध गोल उघडं तोंड आहे, बरोबर त्याच्याखाली जमिनीवर एक गोल अखंड शिळा आणि भोवतीने बारा खांब. वर गोलाच्या कडेला आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल. मान दुखेपर्यंत पाहत राहिलो. खांबांवरून हात फिरवला की दगड लेथवर कातल्यासारखा गुळगुळीत लागतो, कडा मात्र अजून धारदार.

भर दुपारी उन्हाचा गोल शिळेवर पडेल अशी माझी समजूत होती. तो पडला उत्तरेकडच्या खांबांवर. तिथे बसलेल्या एका आजींनी माझी नजर ओळखली. "आता ऊन तिकडंच जातंय बाळा. चंद्र बघायला ये, कार्तिकातल्या पुनवेला. मध्यरात्री बरोबर शिळेवर येतो." मग डोक्यात प्रकाश पडला. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, पण पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर, म्हणजे उत्तरेकडे वर चढतो आणि मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. उन्हाचा गोल शिळेवर हवा असेल तर मे महिन्याच्या सुरुवातीची भर दुपार गाठावी लागेल. तेव्हा पायमोजे जवळ ठेवा, अनवाणी त्या दगडावर उभं राहवणार नाही.

गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, कोपेश्वर आणि धोपेश्वर. सती गेल्यावर कोपलेले शंकर आणि त्यांना शांत करणारे विष्णू, अशी कथा सांगतात. देवळासमोर नंदी नाही. तो नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, असं गावकरी सांगतात. आत चांगलाच अंधार असतो, छोटी बॅटरी न्या.

बाहेरची प्रदक्षिणा घाईने उरकू नका. देऊळ हत्तींच्या पाठीवर उभं आहे. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत, काहींचे चेहरेच नाहीत. पण एकाच्या गळ्यातली घंटा आणि तिची साखळी, कडी न् कडी मोजता येईल इतकी नीट शाबूत आहे. मी तिथे उकिडवी बसून राहिले, आई पुढे निघून गेली होती. दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणाचा शके 1136 चा देवनागरी शिलालेख आहे, देवळाच्या पूजेसाठी गाव दान दिल्याचा. इथले इतर बरेचसे लेख जुन्या कन्नडमधले. सीमेवरच्या या पट्ट्यात दोन्ही भाषा किती आधीपासून शेजारी नांदतायत, हे त्या दगडांपाशी उभं राहिल्यावर कळतं. गावातलं जैन मंदिरही बघा, त्याचं कोरीवकामही तितकंच देखणं आहे.

परतीची एसटी आम्हाला मिळाली नाही. सांगितलेल्या वेळेआधीच निघून गेली, आणि आईला तासभर उन्हात बसावं लागलं. म्हणून जाताना केलेली रिक्षाच थांबवून ठेवा, भाडं आधी बोलून घ्या. जेवणाचा डबा सोबत असू द्या. पावसाळ्यात कृष्णेला पूर असताना इकडे येऊच नका, पाणी गावात शिरतं.

परतताना नृसिंहवाडीला थांबलो. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, आणि बाहेरच्या दुकानातली बासुंदी. आईने दोन वाट्या घेतल्या, आणि कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा यायचं हे तिथेच तिने ठरवून टाकलं.