चिंचोके, शिंपले, काजूबिया

आज मालवणात बैठक: रापणवाले (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे), ट्रॉलरवाले (यांत्रिक बोटीमागे जाळं ओढणारे) आणि मासे विकणाऱ्या बायका एका सतरंजीवर. विषय: ३१ जुलैला मासेमारीवरची पावसाळी बंदी संपली की किनाऱ्यालगत कोणी, कधी जाळं टाकायचं. 'ट्रॉलरचं काय करायचं?' असं विचारलं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत भांडण.

बैठक माशांच्या लिलावाची वेळ टाळूनच ठेवायची, नाहीतर बायका येणार कशा? खुर्च्या मांडल्या की पुढचा भाषण ठोकतो, बायका दाराशी चपलांजवळ. गोल बसवून पहिली फेरी माणशी एक मिनिट, मध्ये कोणी उत्तर द्यायचं नाही, सुरुवात बायकांपासून. नाहीतर 'आमका कोण इचारता?' हे नंतर जेटीवर ऐकू येतं.

हात वर करायला सांगू नये. शेजाऱ्याकडे बघून वर जातात. प्रत्येक पर्यायाला एक करवंटी, आडोशाला. रापणवाल्यांना चिंचोके, ट्रॉलरवाल्यांना शिंपले, बायकांना काजूबिया, माणशी तीन. बेरजेवर निर्णय मात्र लावायचा नाही! जास्त भरलेल्या करवंटीत एकही चिंचोका नसेल तर रापणवाल्यांना विचारायचं, "काय बदललं तर चालेल?" खरी बैठक इथे सुरू होते.

ठरावात 'समन्वय साधावा' नको. कोण, काय, कुठल्या तारखेपर्यंत. चहा सह्या झाल्यावर. आधी दिला की निम्मे पांगतात.