गोकर्णीचं बी रुजता रुजेना

गोकर्णीची वेल लावायला अजिबात अवघड नाही. अडतं ते एकाच ठिकाणी, आणि नेमकं तेच बियांच्या पाकिटावर छापलेलं नसतं. याचा मला अजून राग आहे.

पाकिटावर होतं, ‘अर्धा इंच खोल पेरा, माती ओलसर ठेवा, आठवडाभरात उगवण.’ आम्ही कळंब्याला राहतो. मे महिन्यात वळीव पडून गेल्यावर पेरलं, कारण या बियाला ऊब लागते. आठवडा गेला, त्याच्या पुढचाही गेला. माती उकरून पाहिली तर बी जसंच्या तसं, चकचकीत, खड्यासारखं टणक. दुकानात विचारलं तर म्हणे, “पाणी कमी पडलं असेल, अजून घाला.” घातलं. मग मृगाचा पाऊस आला, तरी बी ढिम्म. शेजारच्या काकू म्हणाल्या, “जुनं बी दिलंय गं तुला, टाकून दे.”

सुटका केली ती आमच्याकडे येणाऱ्या माळीमामांनी. बी नखानं टोकरून म्हणाले, “ताई, हे मेलेलं न्हाई. कवच कडक हाय. घासल्याबिगर पानी आत जायाचं न्हाई.”

गोकर्ण शेंगवर्गातली. या वर्गातल्या बऱ्याच बियांचं कवच पाणी आत शिरू देत नाही. रानात मातीत घासून, ऊन-पावसानं ते हळूहळू नरम पडतं, तेही सगळ्या बियांचं एकदम नाही. पाणी कितीही ओता, ते बाहेरूनच निघून जातं.

हार्डवेअरच्या दुकानातून काच पेपर आणा. बी चिमटीत धरून, डोळा (बी शेंगेला जिथं चिकटलेलं असतं ती खूण) असतो त्याच्या विरुद्ध बाजूनं घासा. काळपट रंग जाऊन आतला फिका ठिपका दिसला की थांबा, त्यापुढे घासलं तर आतली डाळ दुखावते. मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी वाटीत काही बिया टम्म फुगलेल्या होत्या, काही तशाच. न फुगलेल्या काढून पुन्हा घासल्या, फुगलेल्या लगेच पेरल्या. आठवडाही झाला नसेल, मातीतून हिरवी मान वर आली. घरातल्या सगळ्यांना हाका मारून बाहेर आणलं मी!

पुढे दोरी बांधून दिली आणि वेल फाटकावर गेली. श्रावणात निळी फुलं आली, सोमवारी महादेवाला वाहिली. युरिया घालू नका. हिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, वरून आणखी दिला तर नुसता पालाच माजतो. आणि हो, पेरतानाच मोठी कुंडी घ्या, मूळ खोल जातं, मागाहून हलवलेलं तिला सोसत नाही. आषाढात आपल्याकडे पाऊस धरून बसतो, तेव्हा कुंडीचं भोक मोकळं आहे ना ते बघा.

आयुर्वेदात हिला अपराजिता म्हणतात, बुद्धीसाठी चांगली मानतात. आम्ही फक्त फुलं वापरतो. चार-पाच फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी निळं होतं, लिंबू पिळलं की जांभळं. मुळं आणि बिया रेचक असतात, त्या वैद्यांना विचारल्याशिवाय पोटात घेऊ नका, लहान मुलांच्या हाती तर बिया नकोतच. शेंगा तपकिरी होऊ लागल्या की तोडून ठेवा. वेलीवरच वाळल्या तर पीळ पडून फुटतात आणि बी उडून जातं.